खंजिरी, धृपद आणि शेवटचं कडवं
(राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाविषयी)

॥ रामकृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या शंभर वर्षांत वाटेवर काय काय गायलं गेलं ते कोणीतरी लिहावं, असं स्मरणिकेच्या मंडळींचं म्हणणं पडलं आणि काम आमच्याकडे आलं. माउलींच्या, नामदेवरायांच्या, नाथबाबांच्या, तुकोबारायांच्या वाणीवर लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आमचं शिक्षण चौथी. वावर सांभाळून कीर्तन करतो. म्हणून आम्ही आमच्या आवाक्यातला विषय घेतला. आमच्याच वऱ्हाडात जन्मलेले, हातात खंजिरी घेऊन खेड्याखेड्यात फिरलेले तुकडोजी महाराज भजन कसं बांधत, आणि ते भजन आपल्या दिंडीत कुठं बसतं, एवढंच सांगायचं आहे.

हे सांगणं जरुरीचं का आहे? तर हा विषय आपल्या दिंडीत जुन्या वादाचा आहे. पहाटे काकडा, चालताना संतांचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, हा आपला नेम. कीर्तनात निरूपणाला अभंग संतांचाच घ्यायचा आणि प्रमाणं निळोबारायांपर्यंतची द्यायची, ही वारकरी परंपरेची शिस्त. ती आपल्या बुढ्या माणसांनी शंभर वर्षं पाळली. पण दुपारी जेवणं झाली, आंब्याच्या नाहीतर निंबाच्या सावलीत विसावा झाला, की कोणाच्या तरी पिशवीतून खंजिरी निघते आणि तुकडोजी महाराजांचं भजन सुरू होतं. मग कोणी म्हणतो, हे संतवाणीत नाही, थांबवा. कोणी म्हणतो, हाही संतच आहे, चालू द्या. हा वाद आमच्या वडिलांच्या वेळेस होता आणि आजही आहे. त्यावर आमचं मत आम्ही शेवटी सांगू. आधी महाराज कोण, हे नव्या पोरांना कळलं पाहिजे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावचा. आईचं नाव मंजुळाबाई, वडिलांचं बंडोजी, आणि लेकराचं नाव माणिक. शाळा फार झाली नाही. मन भजनात, ध्यानात. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. माणिकचा ‘तुकड्या’ झाला तो या गुरूंमुळे. तुकड्या म्हणजे भाकरीचा तुकडा. पुढं देशाच्या राष्ट्रपतींनी, डॉ. राजेंद्रप्रसादांनी, त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं, पण भजनाच्या शेवटी महाराजांनी स्वतःला कायम तुकड्याच म्हणवलं.

तरुणपणी ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा या रानांत हिंडले. १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं, तिथं ते महिनाभर राहिले आणि त्यांची भजनं झाली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा इथं लोक इंग्रज सरकारवर उठले. त्या लोकांच्या तोंडी महाराजांची भजनं होती. झाडं आणि दगडसुद्धा लढायला उठतील, अशा अर्थाचं भजन खंजिरीवर गायलं जात होतं. सरकारनं महाराजांना चंद्रपुरात पकडलं आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बाप हो, विचार करा. ज्याच्या हातात खंजिरीशिवाय दुसरं हत्यार नव्हतं, त्याला बंदूकवाल्या सरकारनं कोंडलं. गाण्यात किती बळ असतं हे त्या सरकारला आपल्याआधी कळलं होतं.

१९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. त्याच साली ‘ग्रामगीता’ लोकांच्या हाती आली. विनोबांच्या भूदानातही ते फिरले. ११ ऑक्टोबर १९६८ ला गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. आजही पुण्यतिथीला मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जिथल्या तिथं उभी राहून मौन पाळतात. ज्यानं जन्मभर खंजिरी वाजवली, त्याला लोक आवाज बंद करून नमस्कार करतात.

आता त्यांच्या कलेकडे येऊ. आम्हाला भजन करता करता जे हाताला लागलं तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट खंजिरी. पखवाजाला वाजवणारा वेगळा लागतो, पेटीला वेगळा, आणि वाद्य वाहायला माणूस लागतो. खंजिरी एका हातात मावते, पिशवीत राहते. जो गातो तोच वाजवतो. लाकडी कड्याला एका बाजूनं कातडं, कड्याच्या खाचेत पितळी चकत्या. पावसात कातडं ढिलं पडलं की चुलीजवळ शेकायचं, पुन्हा बोलायला लागते. ज्या गावात देऊळ नाही, पेटी नाही, चार टाळसुद्धा नाहीत, त्या गावात एकटा माणूस खंजिरी घेऊन गेला की भजन उभं राहतं. महाराजांनी वाद्य निवडलं तेच असं, की गरिबातल्या गरीब वस्तीला अडचण पडू नये. आज विदर्भात सप्तखंजिरी वाजवून प्रबोधन करणारे सत्यपाल महाराज आपण ऐकतो. ती वाट या एका खंजिरीतून निघाली.

दुसरी गोष्ट धृपद. महाराजांचं धृपद लहान असतं. पहिल्या फेरीत ऐकलं, दुसऱ्या फेरीत म्हणता आलं. ज्यानं कधी भजन ऐकलं नाही तो पाहुणासुद्धा तिसऱ्या फेरीला मागे धरतो. आपण टाळकरी जाणतो, धृपद धरायला जड गेलं की मागची रांग गप्प बसते, आणि मागची रांग गप्प बसली की भजन मेलं.

तिसरी गोष्ट यमक. झोपडीचं त्यांचं जे भजन सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, ते मनात म्हणून पाहा. कडव्याचे चार तुकडे पडतात. पहिले तीन तुकडे एका यमकाचे, आणि चौथा तुकडा म्हणजे धृपद, ते प्रत्येक वेळी तेच. पहिलं यमक कानावर येतं तेव्हा ऐकणारा नुसता ऐकतो. दुसरं आलं की त्याला अंदाज येतो. तिसऱ्याला तो स्वतःच तोंड उघडतो, आणि चौथा तुकडा तर त्याला आधीपासून पाठच असतो. म्हणजे कडवं संपेपर्यंत ऐकणारा गाणारा झालेला असतो.

ही बांधणी आपल्या घरातलीच आहे. माउलींची ओवी घ्या. तिचे पहिले तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड. तुकोबारायांचा मोठा अभंग घ्या. सहा-सहा-सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, चौथा चरण टेकायला. जात्यावर दळताना आमच्या मायबहिणी ओव्या म्हणायच्या, त्यांच्या कानालाही ही गत ओळखीची होती. म्हणून आपल्या दिंडीत तुळशीवाल्या बाया महाराजांची भजनं पुरुषांच्या आधी शिकल्या. त्यांना कोणी शिकवलं नाही. कान तयार होता, भजन त्यात जाऊन बसलं.

चौथी गोष्ट शब्द. महाराजांच्या भजनातला शब्द आपल्या घरातला, बाजारातला, वावरातला असतो. मनात भाव नसताना देवाला पाव म्हणणाऱ्यांना त्यांनी एका भजनात चांगलं झोडलं आहे. तिथं उदाहरण कोणतं दिलं? बाजारातल्या भाजीपाल्याचं. देव काही पैसे टाकून पिशवीत भरून आणायची वस्तू नाही, हे सांगायला याहून सोपं काय असणार? आठवडी बाजार करणाऱ्या बाईला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. नाथबाबांनी भारुडात हेच केलं होतं. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू, जे लोकांनी दारात पाहिलेलं तेच उचललं आणि त्यातून परमार्थ सांगितला.

पाचवी गोष्ट चाल. महाराजांच्या भजनांच्या जुन्या वह्या उघडून पाहा. भजनाच्या डोक्यावर ‘चाल’ नाहीतर ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्या ओळखीच्या पदाचं नाव दिलेलं आढळतं. लोकांना जी चाल येते तिच्यावर नवे बोल बसवायचे, म्हणजे शिकायचं निम्मं काम झालेलं असतं. भाषाही दोन्ही वापरल्या. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. महाराजांनी मराठीत रचलं तसंच हिंदीतही रचलं. म्हणून त्यांचं भजन वऱ्हाडातून निघून नागपूरच्या पलीकडेही चाललं.

सहावी गोष्ट शेवटचं कडवं, आणि आमच्या मते हीच सगळ्यात मोठी. नामदेवरायांची नाममुद्रा ‘नामा म्हणे’, जनाबाईंची ‘जनी म्हणे’, तुकोबारायांची ‘तुका म्हणे’. महाराजांची ‘तुकड्या म्हणे’. नाममुद्रा आली की सांगणाऱ्यानं आपलं म्हणणं स्वतःच्या अंगावर घेतलं, असा त्याचा अर्थ. महाराजांच्या बऱ्याच भजनांत आधीची कडवी दाखवतात आणि शेवटचं कडवं कामाला लावतं. हे सोडा, हे धरा, सगळे मिळून करा. तिथं भजन संपतं आणि माणूस उठतो.

उठून काय करायचं, ते पुढं ग्रामगीतेत सविस्तर आलं. ग्रामगीतेचे ४१ अध्याय. त्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती आहे, ग्रामप्रार्थना आहे, यात्रा-मेळे आहेत, आणि भजन-प्रभाव नावाचा अध्याय खास भजनावर आहे. हा ग्रंथ सुचला कुठं? पंढरपुरात. चंद्रभागेच्या वाळवंटात बसले असताना ही गोष्ट मनात आली, असं महाराजांनी पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे. जे म्हणतात की महाराजांचा आणि पंढरीचा काय संबंध, त्यांनी तेवढा अध्याय वाचावा. जिथं आपण दरसाल स्नान करून कळसाला हात जोडतो, त्याच वाळवंटात खेड्याला देव मानणारी गीता सुचली. पांडुरंगाच्या दारात बसलेल्या माणसाला पांडुरंगानं गाव आठवून दिलं. आम्हाला तर यात वारीचाच अर्थ दिसतो. वारी म्हणजे जाणं आणि परत येणं. पंढरीला जायचं, आणि तिथून जे मिळालं ते घेऊन गावात यायचं.

आता एक अवघड प्रश्न. तो टाळला तर लेख खोटा होईल. दुबार पेरणीच्या एका वर्षी आपली दिंडी परळी ओलांडून अंबाजोगाईच्या वाटेला होती. दुपारी झोपडीचं भजन झालं. त्यावर एक तरुण कास्तकार उठला आणि म्हणाला, “बुवा, हे भजन मले पटत नाही. महालात नाही ते सुख झोपडीत हाय म्हनता. मंग गरिबानं काय झोपडीतच मरावं? बँकेवाला दारात येते, त्याले हे भजन म्हनून दाखवू काय?” सगळी मंडळी गप्प झाली. त्या वर्षी त्याचं पहिलं बियाणं जळालं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. असा प्रश्न विचारणाऱ्यावर रागावून चालत नाही.

आम्ही त्या वेळी जे सांगितलं तेच इथं लिहितो. भजन कोणाच्या तोंडी आहे ते आधी पाहावं. महालवाल्यानं झोपडीचं कौतुक केलं तर ती थट्टा होते. इथं झोपडीतला माणूस स्वतः बोलतो. तो म्हणतो, माझ्या दाराला कडी-कुलपाची गरज नाही, पहारा नाही, मी जमिनीवर पडून चांदण्या पाहतो आणि देवाचं नाव घेतो. तो कोणापुढं हात पसरत नाही, लाजत नाही. आपल्याला कर्जानं जेवढं मारलं नाही तेवढं लाजेनं मारलं आहे. सोयरे काय म्हणतील, गाव काय म्हणेल, या लाजेपायी चांगले चांगले कास्तकार खचले. त्या लाजेवर हे भजन औषध आहे. झोपडीतल्या माणसाला ते ताठ उभं करतं.

पण उभं राहिल्यावर पुढं चालावं लागतं, आणि तेही महाराजांनी सांगितलं आहे. त्याच ग्रामगीतेत गरिबी-श्रीमंतीवर अध्याय आहे. प्रारब्धवादावर आहे, आणि त्याला लागूनच प्रयत्नाच्या प्रभावावर आहे. नशिबाला दोष देऊन बसा, असं हा माणूस कधी म्हणाला नाही. म्हणत असता तर इंग्रजांनी त्याला तुरुंगात कशाला टाकलं असतं? म्हणून झोपडीचं भजन एकटं काढून गाऊ नये. त्याच्या मागे ग्रामगीता उभी आहे हे गाणाऱ्याच्या मनात असावं, आणि जमलं तर भजनानंतर दोन शब्द त्यावर बोलावेत. तो तरुण त्या दिवशी काही बोलला नाही. पण संध्याकाळच्या हरिपाठाला पुढच्या रांगेत टाळ घेऊन उभा होता.

आता मूळ वादावर येतो. कीर्तनाच्या जागी नियम परंपरेचाच राहावा, हे आमचं मत पक्कं आहे. रात्री वीणेच्या पुढं उभं राहिल्यावर अभंग संतांचा आणि प्रमाण संतांचं. ती शिस्त मोडली की कीर्तनाचा कणा मोडतो. तुकडोजी महाराजांना त्यानं काही कमीपणा येत नाही. पण दुपारचा विसावा, मुक्कामाच्या गावातला ओटा, पहाटेची साफसफाई, ही जागा महाराजांच्या भजनाची आहे. जिथं भारूड चालतं तिथं खंजिरीही चालावी. भारुडाला नाही म्हणणारा वारकरी आम्ही अजून पाहिला नाही.

साफसफाई म्हटली म्हणून सांगतो. मुक्काम सोडायच्या आधी जागा झाडायची, उष्टं-खरकटं गोळा करायचं, मग पताका उचलायची, ही आपल्या दिंडीची रीत बाहेरगावचे लोक वाखाणतात. ती काही कोण्या नियमाच्या पुस्तकातून आली नाही. जुनी माणसं सांगत, की खंजिरीचं भजन दिंडीत आलं तसा खराटाही आला. गाडगेबाबाही आपल्याच अमरावती जिल्ह्याचे. एकानं खराटा हाती दिला, दुसऱ्यानं खंजिरी. दोघांचं सांगणं एक, की देवळाकडे जायचं तर आधी देवळाची वाट झाडा.

मात्र आज भजनाचं जे होतं आहे ते आम्हाला बरं दिसत नाही. ट्रॅक्टरवर भोंगा बांधतात, रेकॉर्ड लावतात, आणि माणसं नुसती चालतात. जे भजन ऐकणाऱ्याला गाणारा करायसाठी बांधलं, ते ऐकत आपण गप्प चालायचं? दुसरं, पोरं धृपद दहादा घेतात, पहिलं कडवं घेतात आणि सोडून देतात. शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे पेरलं, डवरलं, निंदलं आणि वेचणीच्या वेळेला वावर सोडून आलो. नाममुद्रा आणि सांगणं शेवटच्या कडव्यात असतं. ते गाळलं की राहतो तो नुसता ठेका. तिसरं, जुन्या चाली ज्यांना येतात अशी माणसं आपल्या दिंडीत आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत. वहीत बोल आहेत, पण चाल वहीत उतरत नाही. ती तोंडातून तोंडात जाते. ही माणसं गेली की चालही गेली.

म्हणून दिंडीच्या या शंभराव्या वर्षी आमची तीन मागणी आहेत. दुपारच्या विसाव्याला भोंगा बंद ठेवावा आणि रोज एक भजन खंजिरीवर, पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत पुरं व्हावं. ज्या बुढ्या मंडळींना जुन्या चाली येतात, त्यांच्याजवळ दोन-दोन पोट्टे-पोट्टी बसवावीत आणि पंढरपूर येईपर्यंत एकेक चाल तरी त्यांच्या गळ्यात उतरवावी. मोबाईलवर आवाज भरून ठेवायचा असेल तर ठेवावा, पण त्यावर विसंबू नये. आणि प्रत्येक गावच्या फडाला एक खंजिरी असावी. ती खुंटीला टांगून ठेवायची नाही. लेकरांच्या हाती द्यायची. फाटली तर फाटली, कातडं पुन्हा मढवता येतं.

सोलापूर मागे पडतं, मंगळवेढ्याला चोखोबारायांना दंडवत होतो आणि मग पंढरीची ओढ लागते. त्या शेवटच्या टप्प्यात पाय सुजलेले असतात, बोलायलाही जीव नसतो. तेव्हा एखादं लेकरू धृपद उचलतं आणि मागची सगळी रांग ते धरते. गाणाऱ्याच्या मागे माणूस उभा राहावा म्हणूनच ते भजन बांधलेलं आहे. पुढच्या शंभर वर्षांत आपल्या दिंडीत ते पुरं गायलं जावो, शेवटच्या कडव्यासकट, एवढंच पांडुरंगाच्या चरणी मागणं आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥